फ्लॉपीवर न उतरलेल्या जागा

आमच्या गावातली निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. शाळेत पोराचं नाव घालायला नेलं की गुरुजी बापाला जन्मतारीख विचारायचे, बाप डोकं खाजवायचा आणि गुरुजी स्वतःच एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझीही तारीख तीच. खरी तारीख ठाऊक असलेलं माणूस गावात एकच होतं, मंजुळा अक्का. पांझरेकाठच्या आमच्या गावात चाळीस वर्षं तिनं बाळंतपणं केली. अक्षरओळख नव्हती, पण कोण कुठल्या साली, पोळ्याच्या आधी की नंतर, गुरं सुटताना की परतताना जन्मलं, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची.

मी उखर्डू. धुळ्यात हे नाव कुणाला माहीत नव्हतं. तिथे माझ्या बोर्डावर ‘यू. आर. कॉम्प्युटर क्लासेस’ असं होतं, आणि यू म्हणजे काय असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्या दिवशी मुद्दाम अवघड प्रोग्राम द्यायचो. नाव असं पडायला कारण होतं. माझ्याआधी माझ्या मायची, भागाबाईची, चार मुलं गेली. कुणी एक दिवस जगलं, कुणी तेवढंही नाही. मी पाचवा. मंजुळा अक्कानं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, मावशीनं उचलून आणलं आणि मायनं मूठभर ज्वारी देऊन मला तिच्याकडून विकत घेतलं. उकिरड्यावरच्या पोराकडे मरणसुद्धा बघत नाही, असं म्हणतात. मरणानं खरंच बघितलं नाही. मी मात्र पुढे जन्मभर ते नाव लपवत फिरलो.

आमच्याकडे एक रीत होती. तान्हं मूल गेलं की सुईणच त्याला फडक्यात गुंडाळून न्यायची आणि कुठेतरी पुरून यायची. कुठे, ते कुणालाही सांगायचं नाही, आईला तर नाहीच. आईला जागा कळली की तिची कूस तिकडे ओढ घेते आणि पुढचं मूल पोटात ठरत नाही, अशी समजूत. मंजुळा अक्कानं तिच्या सासूकडून सुईणपण घेतलं, तेव्हा माणसाच्या कानावर जागा घालणार नाही अशी शपथ घेतली होती. माय तिला वर्षानुवर्षं विचारत होती. एकदा मी स्वतः ऐकलं. ओट्यावर दोघी शेंगा फोडत होत्या आणि माय म्हणाली, “आते मन्ही कूस कोठे ओढाई जावाव शे, मंजुळा? पन्नाशी उलटनी. पानी तरी घालसू.” अक्का शेंगा फोडत राहिली.

पाण्याचं असं, की आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, प्रत्येक घरात पितरांच्या नावानं घागर भरतात. पण नाव न ठेवलेल्या मुलाला घागर नाही. माय दरवर्षी सासऱ्याची घागर भरायची, सासूची भरायची, आणि मग रिकामा तांब्या हातात घेऊन थोडा वेळ उगाच उभी राहायची. लहानपणी मला वाटायचं, ती काहीतरी विसरली आहे.

एक्याण्णव सालच्या नवरात्रात क्लासच्या खोलीला घरमालकानं रंगकाम काढलं, म्हणून मी माझं एक मशीन गावी आणलं. जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याकडून मी ते जुनं घेतलं होतं. त्याला हार्ड डिस्क नव्हती, नुसत्या दोन फ्लॉप्यांची तोंडं होती. एसटीत मॉनिटर मांडीवर घेऊन बसलो, तर कंडक्टरनं टीव्ही समजून सामानाचं तिकीट फाडलं. गावी बसून मला जन्मनोंदीचा प्रोग्राम लिहायचा होता. ग्रामपंचायतींना दाखवीन, नाव काढीन, असे मनातले मांडे मी खात होतो.

त्या प्रोग्रामबद्दल सांगायलाच हवं. कॉम्प्युटरची आठवण दोन ठिकाणी असते. एक नुसती विजेवर जगते. तिच्यात भराभर लिहिता येतं, पण वीज गेली की पाटी कोरी. दुसरी फ्लॉपीवर, ती कुरकुरत, सावकाश उतरते, पण राहते. प्रत्येक नोंद लगेच फ्लॉपीवर उतरवणारा प्रोग्राम मला रटाळ वाटायचा. माझा प्रोग्राम सगळं विजेवरच्या आठवणीत साठवायचा आणि शेवटी एक बटण दाबलं की पाच-सात मिनिटांत एकदम सगळं फ्लॉपीवर उतरवायचा. वेगाचा मला गर्व होता. क्लासच्या भिंतीवर मीच लाल अक्षरांत पाटी लावली होती, ‘दर पाच मिनिटांनी सेव्ह करा’. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पाच दिवस मंजुळा अक्का रोज आमच्याकडे येऊन जन्म सांगत होती आणि मी ते लिहून घेत होतो. रोजच्या रोज ते फ्लॉपीवर उतरवतही होतो. तिला मशीनचं मोठं कवतिक. सहाव्या दिवशी, अष्टमीला, निघताना ती दारात थांबली.

“हाई डबडं माणूस शे का?” तिनं विचारलं.

“नही, अक्का.”

“याले कान शेतस?”

“नहीत.”

तिनं मशीनच्या मागे वाकून बघितलं. मग म्हणाली, “माणूसले सांगानी नही अशी आन शे मन्ही. याले सांगं तर ती मोडत नही.”

मला आधी कळलंच नाही. मायला कळलं. ती चुलीपाशी होती, तिथून उठून आली आणि अक्काच्या पायाशी बसली. अक्का म्हणाली की उद्या खंडेनवमी आहे, उद्या ती नाळ कापायचा विळा शेवटचा पूजेला लावणार आणि परवा नदीत सोडून देणार. हात आता कापतात. धंदा सोडण्याआधी उरावरचं ओझं उतरवायचं होतं. सांगायचं तर सगळ्यांचं सांगणार होती. पंगतीत एकीलाच वाढलं असं तिला करायचं नव्हतं. मशीनकडून पुढे मायनं ऐकलं, तर तो मशीनचा आणि मायचा प्रश्न. असला वकिली मुद्दा धुळ्याच्या कोर्टातही कुणाला सुचला नसता.

“पन मी तर माणूस शे,” मी म्हणालो. “लिखसू तर आयकसूच.”

“तू लिख. आयकू नको,” ती म्हणाली. आणि मायच्या गळ्याची शपथ घालून तिनं माझ्याकडून ते कबूल करून घेतलं. शिवाय एकदाच सांगणार, आणि मध्ये उठायचं नाही, मशीनला कुरकुरू द्यायचं नाही. फ्लॉपीच्या आवाजाला ती दचकायची.

हसण्यासारखं आहे, पण मला ते अवघड वाटलं नाही. मी धुळ्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये चार वर्षं काढलेली. कानात शिरलेलं बोटांतून बाहेर पडतं आणि मध्ये डोक्याला पत्ताही लागत नाही, हे टायपिस्टला सांगावं लागत नाही. तरी खात्री म्हणून मी एक युक्ती केली. टाईप करताना मनात एकोणतीसचा पाढा म्हणत राहायचं. तो मला लहानपणापासून अडखळत यायचा, म्हणून त्याला सगळं लक्ष लागायचं.

नवमीला सकाळी साडेआठला ती बसली. मागे भिंतीला टेकून, डोळे मिटून, एका सुरात ती सांगू लागली. कुणाची कितवी, मुलगा की मुलगी, कुठलं साल, आणि जागा. कुठलं झाड, कुठला बांध, किती पावलं. मी मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत बडवत होतो. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मायला तिनं बाहेर बसवलं होतं. माझ्या मायचं नाव चार वेळा आलं. चारही वेळा ते मला कळलं आणि चारही वेळा मी पाढा मनात मोठ्यानं म्हटला. कान दिला असता तर ती चार वाक्यं मला मिळाली असती. पण शपथ मायच्या गळ्याची होती, आणि मशीन तर होतंच. मशीनवर माझा जीव होता, विश्वास होता, जे म्हणाल ते होतं.

बारा वाजायच्या सुमारास ती थांबली. त्रेसष्ट नोंदी झाल्या होत्या. तिनं डोळे उघडले तेव्हा मला ती एकदम म्हातारी दिसली. मी बटणाकडे बोट नेलं, एवढ्यात तिनं कमरेचा विळा काढून मशीनच्या शेजारी पाटावर ठेवला. माय हळद-कुंकू घेऊन आलीच होती. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, कोयती, कुदळ, पांभर आधीच मांडली होती. अक्कानं विळ्याला हळद-कुंकू वाहिलं आणि तोच हात मशीनला लावला. मॉनिटरवर झेंडूची माळ घातली, की-बोर्डवर अक्षता टाकल्या.

“एकच बटन दाबसू, अक्का,” मी म्हणालो.

“पूजाले लायं आते. उद्या उत्तरपूजा व्हई तवपावत हात लावानं नही.”

पूजेला लावलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, हे मलाही ठाऊक होतं. आबा त्या दिवशी शेतात गवताची काडी कापत नसत. तरी मी शिकलेला होतो, बी. एस्सी. होतो, आणि मला पूर्ण कळत होतं की त्या मशीनमध्ये त्रेसष्ट पोरं नुसत्या विजेवर उभी आहेत. मी म्हणालो, “फ्लॉपीवर उतारं नही तर जाई ते.” अक्का म्हणाली, “इतला दिन मन्हा डोकामा राह्यनं, एक दिन यान्हा पोटमा नही राव्हाव का?” मी मायकडे बघितलं. ती मान हलवत होती, नको म्हणून. चार पोरं गेलेली बाई कुठलीच रीत मोडायला धजत नाही. तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं की मी आता बटण दाबलं आणि उद्या कुणाला साधा ताप आला, तरी ती तो ताप या बटणाला चिकटवेल. मी हात मागे घेतला. मनात म्हटलं, या दोघी जेवायला उठल्या की हळूच दाबून टाकू.

अक्का घरी गेली. माय जेवायला उठलीच नाही. तिनं मशीनसमोर पोतं अंथरलं आणि डोक्यावरून पदर घेऊन बसून राहिली. तिला वाचता येत नव्हतं. हिरव्या अक्षरांकडे ती एकटक बघत होती. मला म्हणाली, “यामा मन्हं कोनतं?” मी म्हणालो, वर गेलंय, बघायचं तर बटण दाबावं लागेल. “ऱ्हाऊ दे मंग, उद्या,” ती म्हणाली. मी दोनदा आत आलो, दोनदा ती तिथेच. तिला उठवून तिच्यासमोर हात लावायचा धीर मला झाला नाही. नवरात्र सुरू झाल्यापासून वीज एकदाही गेली नव्हती, असं मी स्वतःला समजावत राहिलो. आजही मी याच वाक्यापाशी येऊन थांबतो. चूक अक्काची नव्हती, रीतीचीही नव्हती. धोका मला एकट्याला कळत होता आणि मी तो नशिबावर सोडून दिला.

साडेचारला वीज गेली. पंखा थांबला. मॉनिटरवरची अक्षरं मधोमध गोळा झाली, एक ठिपका राहिला आणि तोही गेला. झेंडूची माळ तशीच होती.

“निजनं का ते?” मायनं विचारलं.

“हा. निजनं,” मी म्हणालो.

दसऱ्याला सकाळी मी आधी अक्काकडे गेलो. तिला सगळं सांगायचं, पाय धरायचे आणि पुन्हा सांग म्हणायचं, असं ठरवून गेलो होतो. पहाटे उत्तरपूजा झाल्यावर आमच्याकडून विळा नेऊन ती नदीत सोडून आली होती. नवं लुगडं नेसली होती. मी सोनं दिलं. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “चाळीस वरीसमा पयलींदाव धड झोप लागनी, भो. एकही पोर सपनमा उनं नही.” तिचा चेहरा इतका मोकळा मी कधीच बघितला नव्हता. तिनं विचारलं, “मायले वाचीसन दाखाडं का?” मी म्हणालो, आता दाखवतो. त्रेसष्ट पोरं पुन्हा तिच्या उरावर ठेवायला माझा हात धजला नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो. नंतर सांगू, दिवाळीला सांगू, असं करत राहिलो. पौषात ती लेकीकडे सावद्याला गेली आणि तिथेच वारली. मी सांगितलं असतं तर ती पुन्हा बोलली असती का, मला माहीत नाही. मी तिला विचारलंच नाही.

अक्काकडून परत आलो तर माय मशीनसमोर बसलेली. अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून. वीज आली होती. आबांनी उत्तरपूजा करून माळ काढली होती. मी मशीन लावलं, या नोंदींसाठी ठेवलेली कोरी फ्लॉपी घालून प्रोग्राम चालू केला. पडद्यावर आलं, ‘नोंदी: ०’.

“वाच,” माय म्हणाली.

आणि मी वाचलं. पहिला, मुलगा, विहिरीच्या उगवतीला, बांधावरच्या निंबाखाली. दुसरा, मुलगा, खळ्याच्या कोपऱ्यात, बोरीच्या बुंध्याशी. तिसरी, मुलगी, नाल्याच्या काठी, करंजाजवळ. चौथी, मुलगी, मारुतीच्या पारामागे. मुलगा की मुलगी एवढं मला घरात ऐकून ठाऊक होतं, जागा मात्र मनाला येईल त्या सांगत गेलो. एकच काळजी घेतली की मायला फार चालावं लागू नये. तिचे गुडघे दुखायचे. वाचताना माझा आवाज फुटला, तो तिला दुःखाचा वाटला असेल. ती प्रत्येक जागेला मान डोलवत होती. शेवटी तिनं पडद्याला हात लावून तोंडाला लावला, देवाला लावतात तसा.

पुढच्या आखाजीला ती चार तांबे घेऊन निघाली. विहीर, खळं, नाला, पार. मी मुद्दाम धुळ्यातच राहिलो होतो. आबांनी नंतर सांगितलं. त्याच्या पुढल्या वर्षीही गेली, आणि त्याच्याही. सहा आखाज्या. मी क्लास मोठा केला, हार्ड डिस्कची मशीनं आणली, दर मिनिटाला आपोआप सेव्ह होईल असे प्रोग्राम लिहिले. ग्रामपंचायतीचा प्रोग्राम कधीच कुणाला दाखवला नाही. घरी गेलो की माय आधीसारखीच भाकरी वाढायची आणि त्या जागांचं नावही काढायची नाही. ते मला बरंच वाटायचं. खोटं पचलं की माणसाला भूकही चांगली लागते.

अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात तिचं अंग सुजलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एका सकाळी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो. आखाजी पंधरा दिवसांवर होती. मी म्हणालो, “अवंदा मी घालसू पानी. तू जीवले घोर लावू नको.”

ती म्हणाली, “तिसरीनी जागा माले ठाऊक व्हती.”

मी चमचा वाटीत ठेवला.

“गोठाना मांगे, चिचना बुडखाजोडे. तवय मी खिडकीमाईन देखं व्हतं. मंजुळा तठून उनी, हात मातीना व्हतात. मी कोनलेच सांगं नही.” ती दम घेत बोलत होती. “तू नालाजोडे सांगं.”

गोठ्यामागच्या चिंचेखाली लहानपणी मी गोट्या खेळलो होतो, आणि ती मला तिथून दर वेळी हाकलायची. चिंचेखाली खेळू नये, एवढंच म्हणायची.

“एक खोटी तर बठ्ठ्याच खोट्या,” ती म्हणाली. “हाई समजाले शाळा नही लागस.”

“मंग तू नालावर काब जाये, माय? सहा वरीस?”

“तू आठेच व्हता ना, पार सुकी गयथा. वाचता वाचता रडी पडना. मी म्हंतं, याले वाटू दे, मायले समाधान व्हयनं.” तिनं डोळे मिटले. तशीच, डोळे न उघडता म्हणाली, “चिचजोडे मीच पानी घालस. त्या बाकीन्या तीन आते तुन्या. तू मनथून काढ्यात, तूच घालत जाजो.”

आखाजीच्या आधी चार दिवस ती गेली. मी गोठ्यामागे गेलो. चिंचेच्या बुंध्याशी ताटलीएवढी जमीन खोल गेली होती आणि माती बाकीच्या मातीपेक्षा मऊ होती. माझ्या जन्माच्याही आधीपासून कुणीतरी तिथे पाणी ओतत आलं होतं. आता तिथे मी ओततो, आणि मग विहिरीवर, खळ्यावर आणि पारावर जातो. तिथे कुणीच नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी तांब्या पुरता रिकामा होईपर्यंत उभा राहतो.